मापाचं पाणी

बाबांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला, "मंग होडीवर कदी जायाचं?" डॉक्टर घाटावरचे. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला काही कळलेलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली. बाबा निमूट ऐकत राहिले आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, चल. कळला मला."

बाबा चाळीस वर्षं तांडेल होते. होडी कुठं न्यायची, जाळं कधी टाकायचं, कुणी किती झोपायचं, किती प्यायचं हे सगळं तांडेल ठरवतो. मी गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आई गेल्यावर खाडीकाठच्या घरात आम्ही दोघंच उरलो होतो. आता मी एकटीच आहे आणि ज्या गोष्टीची मला अजून लाज वाटते ती लिहून काढायला बसले आहे.

सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस असायचं. पहाटेची कामं आवरून आम्ही ओळखीच्या रिक्षातून आरे-वारेच्या रस्त्यानं रत्नागिरीला जायचो. शाळेनं मला त्या दोन दिवशी दुपारचे तास दिले होते. हॉस्पिटलात पोचल्यावर आधी बाबांना काट्यावर उभं करत. दोन डायलिसिसच्या मधे वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी, कारण लघवी जवळजवळ बंद झाली होती. मशीन चार तासांत ते पाणी काढून घ्यायचं, पण त्यालाही मर्यादा होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसाला पाऊण लिटर. पाणी, चहा, ताक, सरबत, सगळं धरून.

आहार सांगणारी मुलगी नवीनच लागली होती, कोल्हापूरकडची. तिनं विचारलं, "सकाळी काय खातात?" मी म्हटलं, "पेज." तिनं भाकरी, पोळी, भात लिहिलेल्या रकान्यात पेज लिहिली. तिचा काही दोष नाही. मी सांगितलं ते तिनं लिहिलं. आमटी पातळ नको, म्हणाली. नारळपाणी नको, लोणचं नको, सुकी मासळी नको. मी एकेक गोष्ट वहीत टिपून घेतली, आणि टिपलेलं मी पाळते, हा माझा लौकिक आहे.

घरी आल्यावर शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसं एक मोजपात्र मी विकत आणलं. रोज सकाळी पाऊण लिटर मोजायचं, त्यातलं चहाचं बाजूला काढायचं आणि उरलेलं बाबांच्या बाटलीत भरायचं. बाबांना हा प्रकार आवडला. त्यांचं सगळं आयुष्यच मापाच्या पाण्यावर गेलं होतं. दहा-दहा दिवस समुद्रात राहायचं तर गोड्या पाण्याची पिंपं भरून न्यावी लागत. चहूबाजूंनी पाणी आणि पिण्याजोगं तेवढंच. माणशी दिवसाचे किती पेले ते निघतानाच ठरायचं आणि पेला तांडेलाच्या हातचा. अंघोळ खाऱ्या पाण्यानं, भांडी खाऱ्या पाण्यानं, तांदूळसुद्धा पहिल्यांदा खाऱ्या पाण्यातच धुवायचे.

"पानी चोरनाऱ्याला माफी नाय," बाबा सांगायचे. "एकदा एक खलाशी सापडला. चांगला बाप्या, दोन पोरांचा बाप. मी जाळा टाकायचा सोडला आनि त्याला जयगडला उतरवला. परत कदी घेतला नाय."

"नंतर वाईट वाटलं?"

"वाटला ना. पन घेतला नाय."

पहिले तीन महिने सगळं सुरळीत चाललं. मग वजन वाढू लागलं. आधी दोन किलो, मग तीन, मग एका गुरुवारी चार. पाय सुजले, चपलेचा पट्टा पायात रुतू लागला. बाबांना आडवं झोपता येईना, पडवीत भिंतीला टेकून ते बसल्या बसल्या डोळे मिटायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "असंच चाललं तर पाणी फुप्फुसात उतरेल. मग तुम्ही तिकडून इथपर्यंत पोचेपर्यंत काही उरणार नाही. हे चोरून पाणी पितायत, बाई. सगळेच पितात. लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. शिक्षकाला दुसरं येतंच काय? कुठं पाणी मुरतंय हे शोधून काढायचं, आणि सापडेपर्यंत वर्गातल्या प्रत्येकाकडे संशयानं बघायचं. हंड्याला आतून खडूनं रेघ मारली. शाळेतून आल्यावर पाणी रेघेलाच असायचं. मग वाटलं, अंगणातल्या नळाचं पीत असतील. त्या नळाची चावी काढून मी पर्समध्ये घालून शाळेत नेऊ लागले. पलीकडच्या घरी जाऊन सांगून आले, बाबांनी पाणी मागितलं तरी देऊ नका. हे मी त्यांच्या अंगणात उभी राहून, चार बायकांसमोर सांगितलं. वजन वाढतच राहिलं.

एका सोमवारी हॉस्पिटलातून आलो आणि रिक्षा वळायच्या आतच माझा तोल गेला.

"बाबा, खरं सांग. कुटं पितस पानी?"

"नाय पीत."

"मंग चार किलो काय वाऱ्यानं वाडला?"

बाबा पडवीच्या पायरीवर बसले होते. दम लागला होता. त्यांनी खाडीकडे हात केला आणि म्हणाले, "दर्याची आन. नाय प्यालो."

चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी दर्याची आन ऐकली नव्हती. दुसरे लोक उठता-बसता घेत, ते कधी घेत नसत. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "सगळेच पेशंट आसा बोलतत."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते बाटली माझ्यापुढे धरू लागले. तिच्यात तळाशी चार बोटं पाणी उरवलेलं असायचं. "ह्ये बग," एवढंच म्हणायचे. वाटणीचं पाणीही पुरतं न पिता ठेवायचे, मला दाखवायला. आणि मला काय वाटावं? मला वाटलं, हे नाटक आहे. दुसरीकडे पोटभर पिऊन इथं उरवून दाखवतायत. ही बाटली आठवली की आजही माझं मन मला खातं.

रागावले होते, पण माया आटली नव्हती. डायलिसिसच्या चौथ्या महिन्यापासूनच बाबांचं जेवण कमी झालं होतं, तोंडाला चव नव्हती. भात घशाखाली उतरेना. आमच्याकडे अशा वेळी एकच इलाज असतो, पेज. उकडे तांदूळ भरपूर पाण्यात शिजवायचे, दाणा फुटेपर्यंत, आणि पाण्यासकट वाडग्यात वाढायचे. बाबांची न्याहारी जन्मभर तीच. तेव्हापासून मी दोन्ही वेळच्या जेवणालाही पेजच करू लागले होते. माणूस जितका अशक्त, तितकी पेज पातळ करायची, हे आईनं शिकवलं होतं. मी ती रोज थोडी आणखी पातळ करत गेले. शाळेत जाताना टोप झाकून ठेवायचे आणि बजावून जायचे, "बाबा, पेज संपव हां. टाकू नको." ते संपवायचे. माझं एवढं तरी ऐकतात म्हणून मला बरं वाटायचं.

त्याच दिवसांत शाळेत अंतराळाचं वारं आलं होतं. आपल्या देशाचा एक माणूस अंतराळ स्थानकात राहून परत आला होता आणि मुलांच्या मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ. आठवीच्या तासाला एका मुलीनं उठून विचारलं, "बाई, ते लोक स्वतःच्या लघवीचं पाणी करून पितात, हे खरं?" वर्ग खिदळला. मी दटावलं, पण पुरतं उत्तर मला येत नव्हतं. "सोमवारी सांगते," म्हटलं. येत नसताना ठोकून द्यायची मला सवय नाही.

शनिवारी दुपारी पडवीत बसून मी वाचायला घेतलं. वाचता वाचता बाबांना सांगू लागले. आमच्यात बोलणं फार उरलं नव्हतं, हा विषय मला सोपा वाटला. तिथं वरून पाणी नेणं फार जड पडतं, म्हणून एक थेंब वाया घालवत नाहीत. लघवी, घाम, श्वासातली वाफसुद्धा धरून ठेवतात, साफ करतात आणि पुन्हा पितात.

"श्वासातली?" बाबांनी विचारलं.

"हवेतली वाफ थंड करून घेतत. तिचा पानी होतो."

"बरा हाय. आनि मुताचा?"

"तो उकळून वाफ करतत. पन तिथं उकळणं सोपं नाय." मी त्यांना वहीत काढून दाखवलं. आपल्याकडे पाणी उकळलं की तळाचे बुडबुडे वर येतात, कारण ते हलके. तिथं वजनच नाही, तर हलकं काय आणि जड काय? बुडबुडा जिथं झाला तिथंच राहतो. शेजारचे बुडबुडे त्याला मिळतात आणि एकच मोठा बुडबुडा तापलेल्या तळाला चिकटून फुगत जातो. पाणी आणि वाफ एकमेकांत गुंतून बसतात. मग ते वेगळे करायला सगळं भांडंच गरगर फिरवतात, म्हणजे पाणी कडेला जातं आणि मधली वाफ ओढून घेता येते.

बाबा बराच वेळ त्या चित्राकडे बघत होते. धाप लागत असल्यामुळे ते हल्ली एकेक वाक्य तोडून बोलत. "त्यांचा पानी कोन मोजतो?"

"मशीन मोजता."

"सगळ्यांचा मोजता, का एकाचाच?"

मी वही मिटली आणि चहा ठेवायला आत गेले. 

रविवारी सकाळी चुलीवर पेज ठेवली. गॅस आहे, पण पेज मी चुलीवरच करते. शेजारी पाट घेऊन सोमवारच्या धड्याचं टिपण काढायला बसले. फळ्यावर लिहायला दोन रकाने केले. माणसाच्या अंगात पाणी येतं कशातून, जातं कशातून. जाणाऱ्या रकान्यात लघवी, घाम, श्वास. येणाऱ्या रकान्यात पिण्याचं पाणी, चहा. पुढे मी वाचलं होतं की जेवणाच्या पाकिटांत असलेलं आणि त्यांत ओतलेलं पाणीही धरावंच लागतं, नाहीतर हिशेब जुळत नाही. म्हणून तिसरं लिहिलं, जेवणातलं पाणी. मुलांना पटकन समजेल असं गावचं उदाहरण हवं होतं. डोकं वर केलं तर समोर टोपात पेज रटरटत होती. बुडबुडे तळातून उठून वर येत होते, फुटत होते, दाणे खालीवर नाचत होते. मी उदाहरण म्हणून लिहिलं, पेज.

लिहिलं आणि हात थांबला.

मूठभर तांदूळ आणि सहा पेले पाणी. सकाळी मीच ओतलं होतं. मोजून नव्हे, अंदाजानं, आई ओतायची तसं. मी उठले, मोजपात्र घेतलं, बाबांचा वाडगा पेजेनं भरला आणि दाणा गाळून निवळ तेवढी मोजपात्रात ओतली. साडेतीनशेच्या रेघेपर्यंत आली. बाबा दिवसाचे तीन वाडगे जेवत होते. पाऊण लिटरची बाटली मी रेघ बघून भरत होते, आणि तिच्याहून जास्त पाणी रोज त्यांच्या पोटात घालत होते. माझ्या हातानं, वर "टाकू नको" म्हणून बजावून. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथं तर चोर मीच होते आणि फौजदारही मीच.

तेवीस वर्षं मी मुलांना पाण्याची तीन रूपं शिकवली आहेत. भाजीत पाणी असतं, फळात असतं, हे काकडी वाळवून दाखवलं आहे. आणि माझ्याच चुलीवर रटरटणारं पाणी मला दिसलं नव्हतं, कारण त्याला आम्ही पाणी म्हणतच नव्हतो. ते जेवण होतं.

मोजपात्र तसंच हातात घेऊन मी पडवीत गेले. बाबांना सगळं सांगितलं. पहिल्यांदा त्यांना पटलंच नाही. "पेज म्हंजी काय पानी?" मी मोजपात्र दाखवलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, पांढुरकी निवळ बघितली आणि मग हळूहळू म्हणाले, "होडीवर पन आमी पेज धरत नव्हतो गो. रांधायचा पिंप वेगळा. पेला तेवडा मापात. पेज कोन मापात धरनार? ती पोटाची." थोड्या वेळानं स्वतःशीच मान हलवली. "म्हंजी एवडी वर्सा आमी समजायचो त्याच्यापेक्षा जास्ती पानी पीत व्हतो."

मी खाली बसले. "बाबा, मी तुला चोर म्हटला."

"म्हटलास," ते म्हणाले.

"दर्याची आन घेतलीस तरी म्हटला."

"व्हय."

 जाऊ दे म्हणाले नाहीत, राग नाही म्हणाले नाहीत. मला रडू आलं, तर त्यांनी मोजपात्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सांडंल. आत ठेव." मी आत गेले आणि ती पेज पलीकडच्यांच्या गाईला घातली. त्या दिवशी त्यांना कोरडी भाकरी आणि भाजी दिली. दुसऱ्या सकाळी ते सवयीनं पुढ्यात वाडगा घेऊन बसले, मग स्वतःच तो पालथा घातला आणि ताट मागितलं. सत्तर वर्षांची न्याहारी त्यांनी एका दिवसात सोडली. 

त्या सोमवारी वर्गात मी धडा घेतला. येणारं पाणी, जाणारं पाणी, आणि न उठणारा बुडबुडा. पेजेचं उदाहरण गाळलं.

आठवड्याभरात सूज उतरली. बाबा आडवे झोपू लागले. गुरुवारी काट्यावर वजन दीड किलोच वाढलेलं निघालं. त्या गुरुवारी रत्नागिरीला जाताना वाटभर मी डॉक्टरांना सांगायचं वाक्य मनात जुळवत होते. चूक माझी होती, मी पेज मोजली नव्हती, बाबांनी एक थेंब चोरून घेतला नव्हता, तुम्ही कागदावर तसं लिहिलं असेल तर खोडा. साधं वाक्य होतं. समोर ओहोटीनं मागे गेलेला समुद्र दिसत होता आणि मी तेच तेच घोकत होते.

डायलिसिसच्या खोलीत त्या दिवशी पाचही मशीनं चालू होती. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांबरोबर त्यांची सून आली होती. तिची मुलगी माझ्याच वर्गात, तीच प्रश्न विचारणारी. मला बघून ती लगबगीनं उठली, "बसा ना बाई," म्हणाली, आणि नवऱ्याला फोनवर सांगू लागली की आमच्या पोरीच्या विज्ञानाच्या बाई भेटल्या. तेवढ्यात डॉक्टर आले. फाईल बघून खूश झाले. "अरे वा! दीड किलो! काय जादू केलीत?"

मी तोंड उघडलं. ती बाई फोन कानाला लावून माझ्याकडे बघत होती. सिस्टर बघत होती. वाक्य तोंडात होतं आणि त्याचा पहिला शब्द मला सापडेना. किती वेळ गेला असेल? दोन श्वास, फार तर तीन.

"चोरून पीत व्हतो, डॉक्टर," बाबा खाटेवरून म्हणाले. "आता सोडला."

डॉक्टर मोठ्यानं हसले. "बघा बाई! मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी फाईलवर काहीतरी लिहिलं. पलीकडची बाई हळहळली, म्हातारी माणसं म्हणजे लहान पोरंच, तुम्ही लक्ष ठेवलंत म्हणून बरं. बाबांनी डोळे मिटले आणि सुया टोचायला हात पुढे केला.

"हो," मी म्हटलं.

परतताना रिक्षात मी त्यांना विचारलं, असं का सांगितलंस? तू प्याला नव्हतास. दर्याची आन घेतली होतीस. खोटं का बोललास? रिक्षा घाटी चढत होती, त्यांना आवाज चढवून बोलावं लागलं.

"तुला उद्या वर्गात उबी ऱ्हायाचं हाय," ते म्हणाले. "मला कुटं उबा ऱ्हायाचं हाय?"

बाबा त्यानंतर पाच महिने जगले. गेले ते हृदयानं, पाण्यानं नव्हे. त्या पाच महिन्यांत दर सोमवारी आणि दर गुरुवारी डॉक्टर खोलीत आले की त्यांच्या खांद्यावर थाप मारून विचारायचे, "काय तांडेल, चोरी बंद ना?" आणि बाबा हसून म्हणायचे, "बंद, डॉक्टर." मी शेजारीच उभी असायचे.